चाकाचे बोल्ट आणि स्टड निवडताना : स्पोर्ट्स कार नव्याने घेतलेल्यांसाठी मार्गदर्शन

माझ्या टेबलाच्या खणात दोन बोल्ट ठेवलेले आहेत. दोन्ही एम१४ × १.५ मापाचे आहेत, दोन्हींना सतराचा सॉकेट बसतो, दोन्हींची लांबी जवळजवळ सारखी आहे आणि दोन्ही माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात, हाताने सहज फिरत जातात. फरक फक्त डोक्याखाली आहे. एकाचा तळ चेंडूच्या पाठीसारखा गोलाईचा आहे, तर दुसऱ्याचा भोवऱ्यासारखा सरळ उतरता आहे. घोडबंदर रोडवरच्या एका टायरच्या दुकानात नवी मॅगव्हील बसवून घेताना हा फरक दुकानातल्या कोणाच्याच लक्षात आला नाही आणि शेजारी उभा असूनही माझ्या लक्षात आला नाही. साधारण दोनशे किलोमीटरनंतर पामबीच रोडवर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले, तेव्हा ते बॅलन्सिंगचे काम असावे असे समजून मी आणखी दोन दिवस गाडी चालवली. चाक काढले तेव्हा उतरत्या भोकाच्या भिंतीवर गोल डोक्याच्या बोल्टने केवळ एक बारीक, चकचकीत रेघ उमटवलेली दिसली. सगळा भार त्या केसाएवढ्या रेघेवर होता आणि पाचांपैकी दोन बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरले.

या लेखात बोल्ट किंवा स्टड निवडण्याचा जो क्रम सांगितला आहे, तो त्या दिवसानंतर मी स्वतःसाठी लावून घेतलेला क्रम आहे. आधी बैठक (डोक्याखालचा चाकाला टेकणारा भाग), मग आटे, मग लांबी, मग पोलादाची प्रत आणि सर्वांत शेवटी रंग व वजन. बाजारात नेमके उलट घडते; लाल किंवा निळ्या रंगाचा सेट आधी आवडतो आणि तो आपल्या गाडीला बसेल का, हा प्रश्न पैसे दिल्यानंतर पडतो.

बोल्ट नेमके काय करतो

क्रम समजण्यासाठी एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे. चाक बोल्टवर टांगलेले नसते. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, ताणलेल्या स्प्रिंगसारखा मागे यायला बघतो आणि त्या ओढीने चाकाचा पृष्ठभाग डिस्कवर व हबवर दाबून धरतो. ब्रेक, वळण आणि वेग यांचा भार त्या दाबलेल्या पृष्ठभागांमधले घर्षण पेलते. एम१४ चा बोल्ट कोरड्या आट्यांवर १२० न्यूटन-मीटरला आवळला, तर त्यात ढोबळमानाने ४३ किलोन्यूटन, म्हणजे सव्वाचार टनांहून थोडी अधिक ओढ निर्माण होते आणि पाच बोल्ट मिळून एका चाकावर एकवीस टनांच्या पुढे पकड बसते. ही पकड शाबूत असेपर्यंत बोल्टवर आडवा मार जवळजवळ येत नाही. ती सुटली की चाक हबवर सूक्ष्म सरकू लागते, बोल्ट दर फेरीला वाकतो आणि मग कितीही महागडा बोल्ट असला तरी तो थकून तुटतो.

गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की आटे असलेला जोड आडव्या हादऱ्यांनी आपोआप सैल होत जातो आणि उभ्या ओढीपेक्षा हे आडवे सरकणेच अधिक घातक असते. गायमुखच्या घाटात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला आडवे हादरे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पहिली पायरी : गाडीजवळ बसून ओळख करून घेणे

फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि अलीकडच्या पोर्शे गाड्यांमध्ये हबला आटे असलेली भोके असतात आणि बाहेरून बोल्ट येतो. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा, निस्सान आणि फोर्ड मस्टंगसारख्या अमेरिकी गाड्यांमध्ये हबमधून आटे असलेले दांडे, म्हणजे स्टड, बाहेर आलेले असतात आणि त्यांवर नट बसतो. दोन्ही पद्धती नीट बनवल्या व नीट आवळल्या तर सारख्याच भरवशाच्या आहेत. बोल्टच्या गाडीत चाक बदलताना पंधरा-वीस किलोचे चाक एका हाताने भोकांशी जुळवत धरावे लागते, हा त्रास मात्र खरा आहे.

गाडीच्या मालक-पुस्तिकेतून चार माहित्या उतरवून घ्याव्यात : बोल्ट वा स्टडचे माप, बैठकीचा प्रकार, आवळण्याचा टॉर्क (पान्याने द्यायचा पीळ) आणि हबच्या मधल्या उंचवट्याचा व्यास. माझ्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएससाठी ही नोंद एम१४ × १.५, गोल बैठक, १२० न्यूटन-मीटर आणि ५७.१ मिलिमीटर अशी होते. व्यासाचा उल्लेख येथे यासाठी की चाक मध्यभागी आणण्याचे काम मुळात त्या उंचवट्याचे असते. बाजारातल्या मॅगव्हीलचे मधले भोक मोठे असेल, तर मध्ये योग्य मापाची रिंग बसवावी लागते. शहरात प्लास्टिकची रिंग चालून जाते. ट्रॅकवर ब्रेक तापतात, तेथे अॅल्युमिनियमची घ्यावी.

दुसरी पायरी : बैठक

बोल्टच्या किंवा नटच्या डोक्याखालचा जो भाग चाकाच्या भोकात टेकतो, त्याला येथे बैठक म्हटले आहे. दुकानात सीट म्हटले की सर्वांना कळते. तिचे तीन प्रकार सर्रास भेटतात. पहिला शंकूसारखा, ज्याचा पूर्ण कोन बहुधा ६० अंशांचा असतो. बीएमडब्ल्यूचे मूळ बोल्ट आणि बाजारातली बहुतेक मॅगव्हील या प्रकारची. दुसरा गोल, ज्याला बॉल सीट म्हणतात. यात गोलाईची त्रिज्याही जुळावी लागते : फोक्सवॅगन गटाची १३ मिलिमीटर, पोर्शेची १४, होंडाच्या मूळ नटांची १२, तर मर्सिडीजमध्ये बोल्टच्या मापानुसार १२ किंवा १४. तिसरा सपाट, वॉशर असलेला, जो टोयोटाच्या बऱ्याच मूळ अलॉय चाकांत दिसतो.

येथे नवख्याची चूक अशी होते की तो गाडी पाहून बैठक ठरवतो. बैठक चाक पाहून ठरते. आटे गाडीचे आणि बैठक चाकाची, एवढे वाक्य पाठ करून दुकानात गेले तरी निम्म्या चुका टळतात. स्कोडाची मूळ चाके लावायची असतील तर गोल बैठकीचे बोल्ट. त्याच गाडीला बाहेरची शंकू-भोकाची चाके लावायची असतील तर त्याच आट्यांचे, पण शंकू बैठकीचे बोल्ट.

घरी करता येण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. चाक जमिनीवर पालथे न घालता तोंड वर करून ठेवावे, भोकाच्या बैठकीवर काळ्या मार्करने पातळ शाई लावावी, बोल्ट वरून दाबून अर्धा फेरा मागे-पुढे फिरवावा आणि उचलून पाहावे. शाई पट्ट्यासारखी रुंद पुसली गेली असेल तर बैठक जुळते. बारीक रेघेत पुसली गेली असेल, तर जुळत नाही. मग दुकानदार कितीही शपथेवर सांगो. मार्कर खिशात ठेवून दुकानात गेल्यास लोक थोडे विचित्र नजरेने पाहतात, एवढाच त्याचा तोटा.

तिसरी पायरी : आटे

आट्यांच्या मापात दोन आकडे असतात. एम१४ × १.५ याचा अर्थ बाहेरचा व्यास १४ मिलिमीटर आणि एका फेऱ्यात बोल्ट १.५ मिलिमीटर पुढे सरकतो. या दुसऱ्या आकड्याला पिच म्हणतात आणि फसगत बहुतेक वेळा त्यातच होते. मारुतीचे स्टड एम१२ × १.२५ आहेत, तर ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाचे बहुधा एम१२ × १.५. बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजच्या जुन्या ई९० पिढीत एम१२ × १.५ होते; त्यानंतरच्या एफ३० पिढीपासून एम१४ × १.२५ आले, तर ऑडी व पोर्शेमध्ये एम१४ × १.५. चुकीच्या पिचचा बोल्ट एक-दोन फेरे गोडीगुलाबीने आत जातो आणि मग अडकतो. अशा वेळी हवेच्या गनचा घोडा दाबला की बोल्ट आत जातो खरा, पण हबचे आटे घेऊनच जातो, आणि मग प्रश्न एका बोल्टचा राहत नाही, अख्खा हब बदलावा लागतो.

म्हणून पिच गेज नावाची पात्यांची छोटी जुडी घ्यावी. ती किरकोळ किमतीत मिळते. तिचे पाते आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरले की फट दिसते किंवा दिसत नाही. जुना बोल्ट ताणून लांबला आहे का, हेही याच गेजने कळते, कारण ताणलेल्या भागात पाते बसत नाही.

चौथी पायरी : लांबी

लांबी हा या सर्व प्रकरणातला सर्वांत वेळ देण्याजोगा भाग आहे, कारण आखूड बोल्ट आणि लांब बोल्ट दोन्ही घात करतात आणि बाहेरून दोघांचेही काहीच दिसत नाही.

बोल्टची लांबी डोक्यापासून मोजत नाहीत. बैठक जेथे संपते, तेथून टोकापर्यंतच्या दांड्याची लांबी मोजतात. ही लांबी तीन ठिकाणी खर्च होते : चाकाच्या भोकात बैठकीखाली उरलेली जाडी, ब्रेक डिस्कच्या टोपीची (हबवर बसणाऱ्या मधल्या भागाची) जाडी आणि हबमध्ये गुंतणारे आटे. समजा चाकाची जाडी ८ मिलिमीटर, डिस्कची ६ आणि हबमध्ये १४ हवे असतील, तर २८ मिलिमीटरचा दांडा लागेल. मध्ये १५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती, घातला, तर ४३ चा. स्पेसर घालून जुनेच बोल्ट परत लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांत तीन-चार फेऱ्यांवर चाक उभे असते आणि चालकाला त्याची गंधवार्ता नसते.

हबमध्ये किती आटे गुंतले पाहिजेत, याचा पोलादासाठीचा ठोकताळा असा आहे की गुंतलेली लांबी निदान बोल्टच्या व्यासाइतकी असावी. म्हणजे एम१४ × १.५ साठी नऊ ते दहा फेरे, एम१४ × १.२५ साठी अकरा, एम१२ × १.५ साठी आठ आणि एम१२ × १.२५ साठी जवळजवळ दहा. हे मोजायला यंत्र लागत नाही. गाडी जॅकवर आणि स्टँडवर घ्यावी, चाक हबवर नीट टेकवून धरावे आणि एक बोल्ट हातानेच आत फिरवत फेरे मोजावेत. बैठक टेकेपर्यंत जितके फेरे झाले, त्यातून टोकाच्या उताराचा एक वजा करावा. सॉकेटवर खडूने रेघ मारली तर मोजणी चुकत नाही. मी हे काम दर नव्या सेटच्या वेळी चारही चाकांवर करतो, कारण पुढच्या आणि मागच्या डिस्कच्या टोप्यांची जाडी सारखी असेलच असे नाही.

आता लांब बोल्टची बाजू. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि पोर्शेच्या बऱ्याच मॉडेलांत मागच्या डिस्कच्या टोपीत हँडब्रेकचे छोटे शू आणि त्यांच्या स्प्रिंगा लपलेल्या असतात. बोल्ट हबच्या पाठीमागून जास्त बाहेर आला, तर तो फिरताना त्या यंत्रणेला घासतो किंवा तोडतो. म्हणून नवे बोल्ट लावल्यावर, चाक हवेत असताना आणि हँडब्रेक सोडलेला असताना, चाक हाताने दोन-तीन पूर्ण फेरे फिरवावे आणि कान देऊन ऐकावे. टिकटिक किंवा खरखर ऐकू आली तर बोल्ट बाहेर काढून त्याच्या टोकावर ताजा चकचकीत ओरखडा आहे का, ते पाहावे. वर्दळीच्या रस्त्यालगत हे कान देऊन ऐकणे जमत नाही. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, दुपारच्या वेळी जमते. गाडी मात्र स्टँडवर असावी, नुसत्या जॅकवर कधीही नको.

पाचवी पायरी : पोलादाची प्रत आणि मुलामा

चांगल्या बोल्टच्या डोक्यावर १०.९ असा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण ठोकलेली असते. यातला पहिला आकडा सांगतो की पोलाद चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटन ओढीला तुटेल, आणि दुसरा सांगतो की त्याच्या नव्वद टक्क्यांवर ते कायमचे ताणले जाईल. ८.८ म्हणजे हेच आकडे सुमारे ८०० आणि ६४०. स्पोर्ट्स कारच्या चाकाला १०.९ ही योग्य प्रत आहे आणि डोक्यावर कोणताही आकडा नसलेला बोल्ट फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मग १२.९ अधिक चांगला नाही का, असे प्रत्येक जण विचारतो. तो अधिक ताकदीचा आहे, पण अधिक कडकही आहे, आणि पोलाद जितके कडक तितके ते हायड्रोजनच्या ठिसूळपणाला लवकर बळी पडते. विजेच्या साहाय्याने जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो. नंतर तो भट्टीत तापवून नीट बाहेर काढला नाही, तर बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानासुद्धा, कोणतीही पूर्वसूचना न देता डोके सोडतो. नामांकित रेसिंग कंपन्या हे धोके ओळखून पोलाद आणि मुलामा निवडतात. अनोळखी पाकिटातल्या चमचमत्या १२.९ च्या मागे ती शिस्त असेलच, याची हमी नसते.

मुलाम्याचा विचार आपल्याकडे खास करावा लागतो. ठाणे आणि नवी मुंबई खाडीच्या दोन काठांवर वसलेली शहरे आहेत. वाशी, बेलापूर किंवा कोलशेतला गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर खारट दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून नुसता काळा ऑक्साइड केलेला बोल्ट पहिल्याच पावसाळ्यात तांबूस करतात. विजेविना, जस्त-अॅल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा राखाडी मुलामा असलेले बोल्ट मिळाले तर ते घ्यावेत, कारण ते गंजाला दाद देत नाहीत आणि वर सांगितलेला हायड्रोजनचा धोकाही त्या प्रक्रियेत नसतो. दिसायला ते अगदी निरस असतात.

टायटॅनियमबद्दल थोडक्यात. रेसिंगमध्ये वापरले जाणारे ग्रेड ५ टायटॅनियम पोलादापेक्षा सुमारे ४४ टक्के हलके आहे आणि ताकदीने १०.९ च्या जवळपास जाते. पण ते आट्यांमध्ये चिकटून बसण्याची खोड असलेले धातू आहे, त्याला बनवणाऱ्याने सांगितलेलेच वंगण आणि सांगितलेलाच टॉर्क लागतो, आणि त्याची किंमत पाहता तेवढ्या पैशांत टायरचा चांगला सेट येतो. नवख्याने टायर घ्यावेत. अॅल्युमिनियमचे रंगीत नट दिखाव्यासाठी ठीक आहेत, ट्रॅकवर नकोत.

वागळे इस्टेट, रबाळे किंवा महापे येथे कुशल टर्नर मंडळी आहेत आणि लेथवर हवे त्या लांबीचा बोल्ट तासाभरात बनवून मिळतो, म्हणून हा मोह मलाही एकदा झाला होता. तेथल्याच एका जुन्या टर्नर काकांनी मला परत पाठवले. लेथवर आटे कापले जातात, कापताना पोलादाचे धागे तुटतात. कारखान्यात दांड्यावर आटे दाबून उठवले जातात, तेथे धागे आट्याच्या वळणाबरोबर वळतात आणि असा बोल्ट वारंवार येणाऱ्या ताणाला कितीतरी जास्त काळ टिकतो. “मशिनला लावायला देतो, चाकाला देणार नाही,” हे त्यांचे शब्द होते. स्पेसर किंवा हबची रिंग मात्र त्यांच्याकडून जरूर करून घ्यावी. मापात शंभरावा भागही ते सोडत नाहीत.

बोल्ट काढून स्टड बसवावेत का

ट्रॅकवर जाणारे बरेच जण बोल्टच्या गाडीला स्टड बसवून घेतात. कारणे चांगली आहेत. चाक स्टडवर टांगता येते, त्यामुळे ते लवकर बदलते. दर वेळी हबच्या आट्यांची झीज होत नाही, झिजतो तो स्वस्त नट. आणि स्टड पुरेसा लांब असेल तर स्पेसर बदलल्यावर वेगळ्या लांबीचे बोल्ट शोधावे लागत नाहीत. कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एका दिवसात तीनदा चाके बदलणाऱ्याला हे सर्व पटेल. केवळ शनिवारी पहाटे लोणावळ्याला जाऊन वडापाव खाऊन परतणाऱ्याला याची गरज नाही, आणि हे मी त्याच गटातला माणूस म्हणून सांगतो.

स्टड घ्यायचेच असतील तर हबमध्ये जाणारी बाजू पूर्ण खोलीपर्यंत गेली पाहिजे, आटे आधी ब्रेक क्लीनरने तेलमुक्त केले पाहिजेत, उष्णता सोसणारे थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारे चिकट द्रव) लावून बनवणाऱ्याने सांगितलेल्या हलक्या टॉर्कने स्टड बसवला पाहिजे आणि थ्रेडलॉकर सुकायला दिलेला पूर्ण वेळ गाडी हलवू नये. घाई केली तर पहिल्याच वेळी नट सोडताना नटाबरोबर अख्खा स्टड बाहेर येतो. तसे झाल्यास तो तसाच परत फिरवून न लावता आटे साफ करून सगळे पहिल्यापासून करावे.

नट निवडताना दोन्ही टोके उघडी असलेला नट घ्यावा, म्हणजे स्टडचे टोक नटाबाहेर आलेले डोळ्यांनी दिसते आणि आटे पूर्ण गुंतल्याची खात्री पटते. बंद टोपीच्या नटात स्टडचे टोक आतून टोपीला टेकण्याचा संभव असतो. तेव्हा टॉर्क रेंच (लावलेल्या आकड्याला आवाज देणारा पाना) ‘टक्’ करतो, पण चाक आवळलेलेच नसते.

मस्टंगसारख्या मूळच्याच स्टडच्या गाडीत स्टड मागून दाबून बसवलेला असतो आणि त्याच्या मुळाशी उभ्या दातांचा एक पट्टा असतो. नवा स्टड घेताना आटे आणि लांबीबरोबर या दातांचा व्यास जुळतो का, हे पाहावेच लागते. अर्धा मिलिमीटर कमी असला तर स्टड हबमध्ये गरगर फिरत राहतो आणि नट ना आवळता येतो ना काढता येतो. असा स्टड प्रेसवर बसवून घ्यावा. नट आवळून ओढत बसवण्याची पद्धत प्रचलित आहे खरी, पण त्यात नव्या स्टडचे आटे पहिल्याच दिवशी ताणले जातात.

बसवणे

चाक आणि हब यांचे टेकणारे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करावेत, कारण गंजाचा थर काही दिवसांत चुरडतो आणि तेवढी पकड कमी होते. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. टॉर्कचा जवळजवळ नव्वद टक्के भाग बैठकीतल्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो, जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणतो. घर्षण थोडे कमी झाले तरी त्याच १२० न्यूटन-मीटरला बोल्ट एकतृतीयांश अधिक ताणला जाऊ शकतो. पोर्शे मात्र आपल्या बोल्टना विशिष्ट पेस्ट विशिष्ट जागी लावायला सांगते. पुस्तिकेत असे लिहिले असेल तर पुस्तिका मानावी, शेजारच्या गाडीचा नियम आपल्या गाडीला लावू नये.

प्रत्येक बोल्टचे पहिले चार-पाच फेरे हातानेच फिरवावेत. नंतर एक सोडून एक असा ताऱ्याच्या आकारात, आधी निम्म्या टॉर्कने आणि मग चाक जमिनीला टेकवून पूर्ण टॉर्कने आवळावे. मूळ आकडा गाडीगणिक बदलतो. ऑक्टाव्हियाचा १२०, एफ३० बीएमडब्ल्यूचा १४० आणि मस्टंगचा तब्बल २०४ न्यूटन-मीटर आहे, आणि तो हवेच्या गनला कळत नाही. दुकानात बोलताना संकोच वाटतो हे मान्य, तरीही “दादा, गन नको, हातानेच टेकवा, टॉर्क मी लावतो” एवढे सांगून आपला टॉर्क रेंच पुढे करावा. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर, चाके थंड असताना, त्याच आकड्यावर पुन्हा तपासावे. ट्रॅकवरून नुकत्याच आलेल्या तापलेल्या चाकावर ही तपासणी करू नये. रेंच वापरून झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी.

चोरीच्या भीतीने प्रत्येक चाकाला एक लॉक बोल्ट लावणे योग्यच आहे, पण त्याची बैठक, लांबी आणि प्रत इतर चार बोल्टांसारखीच असावी आणि त्याच्या चावीवर गन कधीही लावू देऊ नये. ती नाजूक असते आणि तुटली की पुढचा अर्धा दिवस ड्रिल घेऊन बसावे लागते.

शेवटी स्टेपनी. मॅगव्हीलसाठी घेतलेले शंकू बैठकीचे लांब बोल्ट डिकीतल्या पोलादी स्टेपनीला बहुधा चालत नाहीत. बैठक जुळत नाही आणि पोलादी चाकाची तबकडी पातळ असल्याने बोल्ट हबच्या मागे जास्त बाहेर येतो. त्यामुळे कंपनीचे जुने पाच बोल्ट भंगारात देऊ नयेत. ते एका कापडी पिशवीत, सतराचा सॉकेट आणि लॉक बोल्टची चावी यांच्यासह, स्टेपनीच्या खोबणीत ठेवावेत आणि पिशवीवर मार्करने ‘फक्त स्टेपनीसाठी’ असे लिहावे, कारण पंक्चर होईल तेव्हा गाडी आपण चालवत असूच, असे नाही.